मेंदूत उपग्रह नाही

'मेंदूतला जीपीएस' हे शब्द शीर्षकात दिसले की लेख उघडायच्या आधीच मी वैतागते. तसा दोष कुणा एका पत्रकाराचा नाही. २०१४ साली जागा ओळखणाऱ्या मेंदूपेशींच्या शोधासाठी वैद्यकशास्त्राचं नोबेल जॉन ओकीफ आणि माय-ब्रिट व एडवर्ड मोझर यांना जाहीर झालं, तेव्हा खुद्द नोबेलच्या पत्रकातच हा शब्दप्रयोग होता. मग वर्तमानपत्रांनी तो उचलला, आणि आता सस्तन प्राण्यांना वाट कशी सापडते हा विषय निघाला की त्याच्यावाचून कुणाचं पान हलत नाही.

माझी तक्रार साधी आहे. फोनमधल्या जीपीएसला किमान चार उपग्रहांकडून वेळेची खूण मिळते, त्यावरून अंतरं निघतात आणि आपण कुठे आहोत ते ठरतं. मागच्या क्षणी आपण कुठे होतो, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. तुम्हाला डोळे बांधून गाडीत घातलं आणि शंभर किलोमीटरवर नेऊन सोडलं, तरी फोन बिनचूक ठिकाण सांगणार. मेंदूला असं बाहेरून सांगणारं कुणी नाही. तो मागच्या क्षणावरून पुढच्या क्षणाचा अंदाज बांधतो, थोडा चुकतो, चुका साठत जातात, आणि एखादी भिंत लागली किंवा ओळखीची खूण दिसली की हिशेब दुरुस्त करून घेतो. हे यंत्र मुळातच वेगळं आहे. मला विचाराल तर जास्त मजेदारही आहे.

काही वर्षं मी उंदरांच्या मेंदूतल्या पेशींचं रेकॉर्डिंग करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम केलं. आता त्या क्षेत्रात नाही, पण वाचायची सवय सुटलेली नाही. आमचे उंदीर लाँग-इव्हान्स जातीचे, डोकं काळं आणि अंग पांढरं. शस्त्रक्रिया करून उंदराच्या डोक्यावर मायक्रोड्राइव्ह नावाचं छोटं यंत्र बसवलेलं असायचं. त्यातून टेट्रोड मेंदूत उतरायचे. टेट्रोड म्हणजे केसाहून बारीक अशा चार तारा एकत्र पिळलेल्या. एका दिवसात खाली नेऊन ठेवायचं काम नव्हे हे. रोज स्क्रू अगदी किंचित फिरवायचा आणि थांबायचं. घाई केली की नेमका हवा तो थर ओलांडून टोक खाली निघून जातं.

टोक कुठे पोचलंय ते दिसत नाही, ते कानाने ओळखायचं. तारांनी टिपलेला पेशींचा विजेचा सिग्नल वाढवून स्पीकरवर सोडलेला असतो. कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या वरच्या थरात, असताना सतत तडतड चालू असते. मग पांढऱ्या तंतूंचा पट्टा लागतो आणि सगळं गप्प होतं. नवख्या माणसाला वाटतं तार तुटली. आणखी थोडं खाली गेलं की, उंदीर स्वस्थ बसलेला असताना मध्येच 'झर्र' असा आवाज येतो आणि लगेच विरतो. हा रिपल. सेकंदाला साधारण दीडशे ते अडीचशे आवर्तनांची ही लहर कानावर पडली की समजायचं, हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आतल्या भागाच्या सीए-१ थराशी आलो. मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला शिकवणाऱ्या बाई शेजारीच होत्या. मान वरसुद्धा न करता म्हणाल्या, "आता त्या स्क्रूला हात लावशील तर बघ."

दुसऱ्या दिवशी उंदराला पेटीत सोडलं. पेटी साधारण मीटरभर लांब-रुंद, भोवती काळे पडदे, एका भिंतीवर पांढरा पुठ्ठा. बाकी खूण अशी काहीच नाही. खाऊचे कण वरून इकडेतिकडे टाकत राहायचं, म्हणजे त्यांच्या मागे उंदीर पेटीचा कोपरा न् कोपरा फिरतो. त्याच्या डोक्यावर बारीक दिवा असतो आणि छतावरचा कॅमेरा त्या दिव्याचा माग ठेवतो. एक पेशी निवडायची आणि ऐकत बसायचं. बराच वेळ काहीही होत नाही. उंदीर भिंतीकडेने जातो, मध्ये येतो, बसून मिशा साफ करतो, पेशी ढिम्म. मग तो पुठ्ठ्याच्या उजवीकडच्या कोपऱ्याकडे वळतो आणि स्पीकरमधून पत्र्यावर पावसाची सर कोसळावी तसा आवाज येतो. चार पावलं पुढे गेला की बंद. पुन्हा फिरून त्याच जागी आला की पुन्हा तोच तडाखा.

त्या जागेत विशेष असं काही नसतं. कण सगळीकडे सारखेच पडलेले असतात. आधीच्या उंदराचा वास राहू नये म्हणून फरशी प्रत्येक वेळी पुसलेली असते. उंदराचं तोंड कुठल्याही दिशेला असलं तरी मोकळ्या पेटीत ही पेशी जागा सोडत नाही. दिवे मालवले तरी बहुतेकदा तिथेच बोलते. आता उंदीर बाहेर काढून पुठ्ठा नव्वद अंशांनी फिरवून लावा आणि उंदराला परत सोडा. पेशीची जागाही नव्वद अंशांनी फिरलेली असते. पेटीचे चारही कोपरे एकसारखे आहेत, खोली जागची हललेली नाही, हललाय तो फक्त पुठ्ठा. मी हा प्रयोग अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी मला त्या पुठ्ठ्याचं कौतुक वाटत आलंय.

या पेशींना प्लेस सेल म्हणतात. ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांनी १९७१ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून त्यांच्याबद्दल पहिलं छोटं टिपण छापलं. नोंदवलेल्या ७६ पेशींपैकी जेमतेम ८ पेशी अशा वागत होत्या. एवढ्याशा भांडवलावर 'हिप्पोकॅम्पसमध्ये परिसराचा नकाशा असतो' असं म्हणायला धाडस लागतं. अर्थात नकाशाची कल्पना त्याआधीची होती. एडवर्ड टोलमन या कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये तसं मांडलं होतं, तेही उंदरांच्या मेंदूत तार न घालता. त्याचा आणि चार्ल्स हॉन्झिकचा १९३० चा प्रयोग मला अजून आवडतो. काही उंदरांना चक्रव्यूहात पहिले दहा दिवस बक्षीस म्हणून काहीच खायला ठेवलं नाही. ते नुसतेच भटकत होते, शिकल्याचं एकही चिन्ह नाही. अकराव्या दिवशी शेवटच्या टोकाला खाणं ठेवलं. त्याच्या पुढच्याच दिवशी त्यांच्या चुका एकदम घसरल्या आणि रोज बक्षीस मिळणाऱ्यांच्या बरोबरीला ते आले. म्हणजे भटकता भटकता वाटा ध्यानात राहत होत्या. दाखवायची गरज पडली नव्हती, इतकंच.

तर नकाशा. हाही शब्द जपून वापरावा असं माझं मत आहे. कागदी नकाशावर शेजारची गावं शेजारी असतात. हिप्पोकॅम्पसमध्ये एकमेकींना चिकटून असलेल्या दोन पेशी पेटीच्या दोन टोकांच्या जागा सांभाळत असू शकतात. उंदराला वेगळ्या खोलीत नेलं तर सगळी मांडणी मोडून नव्याने रचली जाते. पहिल्या खोलीत कोपऱ्यात बोलणारी पेशी दुसऱ्या खोलीत मधोमध बोलेल, किंवा मुळीच बोलणार नाही. शेजारणीचं काय होईल ते हिच्यावरून सांगता येत नाही. आणि सगळ्या जागा एका मापाच्याही नसतात. २००८ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममधल्या, मोझर दांपत्याच्या गटाने उंदरांना १८ मीटर लांबीच्या मार्गावर पळवलं. हिप्पोकॅम्पसच्या वरच्या टोकाला मीटरभराहून लहान जागा सांभाळणाऱ्या पेशी सापडल्या, खालच्या टोकाला दहाएक मीटरची जागा व्यापणाऱ्या.

पण 'मी इथे आहे' हे पेशीला कळतं कसं? वादाचं आणि मजेचं सगळं इथून पुढे आहे.

पहिला घटक म्हणजे दिशा. जेम्स रँक यांना १९८४ मध्ये उंदराच्या मेंदूत अशा पेशी दिसल्या ज्यांना जागेचं काही घेणंदेणं नव्हतं, डोकं कुठल्या दिशेला आहे तेवढंच बघायचं होतं. उंदीर पेटीत कुठेही असो, डोकं ठरावीक दिशेला वळलं की पेशी बोलणार. या हेड डायरेक्शन पेशींना होकायंत्र म्हणायचा मोह सगळ्यांना होतो, पण उत्तर-दक्षिणेशी त्यांचा संबंध नाही. त्यांची दिशा ठरते समोरच्या खुणांवरून आणि कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांवरून. डोकं वळलं की नलिकांमधला द्रव मागे रेंगाळतो आणि तेवढ्यावरून किती वळलो याची बेरीज होत जाते. आतला कान निकामी केला की या पेशी असूनही दिशा दाखवेनाशा होतात. आणखी एक गोष्ट २०१५ मध्ये समोर आली. उंदीर झोपला तरी या पेशींचं आपसातलं नातं तुटत नाही. स्वप्नांच्या झोपेत, डोकं उशाला टेकलेलं असताना, आतली दिशा जागेपणीच्याच वेगाने फिरत राहते.

बेरजेवर चालणारी व्यवस्था फसवायची कशी, हे होर्स्ट आणि मारी-लुइझे मिटलश्टेट या जर्मन दांपत्याने १९८० मध्ये दाखवलं. या विषयावरचा सगळ्यात देखणा प्रयोग कुठला असं कुणी विचारलं तर मी याचंच नाव घेते. गोल मैदानाच्या कडेला जर्बिल मादीचं घरटं. तिचं पिल्लू उचलून मैदानात दुसरीकडे ठेवलं. मिट्ट काळोख. आई बाहेर पडते, वेडीवाकडी वळणं घेत शोधत राहते, पिल्लू सापडतं, ते तोंडात धरते आणि सरळ रेषेत घरट्याकडे निघते. आलेल्या वाटेने परत जात नाही, थेट जाते. म्हणजे सगळ्या वळणांची आणि पावलांची बेरीज तिच्या डोक्यात तयार आहे. आता खोडी अशी की, ती पिल्लाजवळ असताना पायाखालची चकती फिरवायची. झटक्यात फिरवली तर आतल्या कानाला कळतं, ती तेवढा कोन वजा करते आणि घरट्यावर नेमकी पोचते. पण कानाला जाणवणार नाही इतक्या हळू फिरवली, तर चकती जितकी फिरली तितक्याच कोनाने चुकलेल्या दिशेला ती निघते. पिल्लू तोंडात, चाल तशीच ठाम, आणि पुढे घरटं नाही.

याला पाथ इंटिग्रेशन म्हणतात. या मादीच्या जागी फोन असता तर चकती कितीही हळू फिरवली तरी त्याचं ठिकाण चुकलं नसतं. त्याला वळणांचा हिशेब ठेवायचाच नसतो.

माणसं याला अपवाद नाहीत. २००९ मध्ये यान सॉमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना जर्मनीतल्या एका जंगलात आणि सहारात नेऊन सोडलं आणि 'सरळ चालत राहा' एवढंच सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरून आलं की गोल फिरू लागले, आणि स्वतःचीच वाट ओलांडली तरी त्यांना पत्ता नव्हता. डोळे बांधून चालवलं तेव्हा कधीकधी २० मीटर व्यासाइतकी लहान वर्तुळं निघाली. एक पाय लांब, एक आखूड, म्हणून असं होतं ही लोकप्रिय समजूत त्यांनी तपासली आणि ती टिकली नाही. तीच व्यक्ती कधी डावीकडे वळत होती, कधी उजवीकडे. सरळ म्हणजे काय याची आतली जाणीवच हळूहळू सरकत जाते. गंमत म्हणजे या चालणाऱ्यांचा माग ठेवायला संशोधकांनी जीपीएसच वापरला होता.

मग २००५ साल उजाडलं आणि ग्रिड सेल आल्या. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये मोझर दांपत्याच्या प्रयोगशाळेत एंटोरायनल कॉर्टेक्समधल्या पेशी ऐकल्या जात होत्या. हा भाग हिप्पोकॅम्पसच्या दारातच आहे, तिथून आत माहिती जाते. प्लेस सेल एका जागी बोलते. या पेशी मात्र अनेक जागी बोलत होत्या आणि पेटी मोठी केल्यावर नक्षी उघड झाली. पेशी बोलली त्या जागी ठिपका टाकत गेलं की समभुज त्रिकोणांचं जाळं तयार होतं. फरशीवर असं जाळं कुणीही आखलेलं नसतं. काळोखातही ते टिकतं. कुठल्या पेशीचं जाळं बारीक, कुठलीचं रुंद. मापं सलग बदलत नाहीत, टप्प्यांनी बदलतात, आणि पुढचा टप्पा आधीच्याच्या साधारण १.४ पट.

या नक्षीने शास्त्रज्ञांना अक्षरशः वेड लावलं. मलाही लावलं होतं, खोटं कशाला बोलू. इतकं नीटनेटकं काही मेंदूत सापडत नाही. अनेकांना वाटलं, मिळाली मोजपट्टी. आता दिशा आणि वेग दिला की जाळ्यावरून अंतर काढायचं आणि ठिकाण निघालं. तेव्हापासून 'जीपीएस' आणखीनच पक्का झाला.

पुढे मोजपट्टी वाकताना दिसली. चौकोनी पेटीऐवजी समलंब चौकोनी पेटी दिली की जाळं तिरपं होतं, एका बाजूला जास्त. वटवाघळांनी तर आणखी गोंधळ घातला. इस्रायलमध्ये नाखुम उलानोव्हस्की यांच्या प्रयोगशाळेत फळं खाणारी वटवाघळं खोलीत उडत असताना त्यांच्या पेशी नोंदवल्या जातात. हवेत त्यांच्या प्लेस सेलची जागा साधारण गोळ्याच्या आकाराची निघाली. ग्रिड सेलचं जाळंही तिन्ही मितींत रचलेलं असेल, अशी अपेक्षा गणितावरून बांधली गेली होती. २०२१ मध्ये निकाल आला. शेजारच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर बरंच नियमित, पण एकूण सुबक जाळं असं नाहीच. त्या त्रिकोणी जाळ्याभोवती ज्यांनी मोठमोठे सिद्धांत उभारले होते त्यांना हे पचवणं जड गेलं असणार. मला मात्र बरं वाटलं. सपाट पेटीत मीटरभर फिरणाऱ्या उंदरावरून सगळ्या सृष्टीचा निकाल लावायची आपल्याला फार घाई असते.

जाळ्याला जागेवर ठेवतं कोण, या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर म्हणजे भिंती. ओकीफ आणि नील बर्जेस यांनी १९९६ मध्ये साधी युक्ती केली, पेटीची एक बाजू लांबवली. काही प्लेस सेलची जागा पेटीबरोबर ताणली गेली, काहींची दुभंगून दोन झाली. म्हणजे पेशी भिंतींपासूनची अंतरं जमेस धरत होती. त्यावरून त्यांनी भाकीत केलं की ठरावीक दिशेच्या भिंतीपासून ठरावीक अंतरावर बोलणाऱ्या पेशी असल्या पाहिजेत. पुढे २००८-०९ च्या सुमारास तशा पेशी खरोखर सापडल्या. २०१५ मध्ये लिसा जोकोमो यांच्या गटाने ग्रिड सेलच्या नोंदी वेगळ्या नजरेने तपासल्या. उंदीर भिंतीपासून सुटून जितका वेळ मोकळ्यात फिरला तितकं जाळं घसरत गेलं होतं, आणि भिंतीला भिडला की पुन्हा जागेवर आलं होतं. त्यांची आकृती पाहिल्यावर मला आमचे उंदीर आठवले. नव्या पेटीत सोडलं की पहिला काही वेळ ते भिंत धरूनच चालतात. भीती हे त्याचं मुख्य कारण सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. पण भिंतीला चिकटलेल्या उंदराचा हिशेबही चोख राहतो, हा फायदा काही थोडाथोडका नाही.

भिंतींवरचा हा भरवसा कधी कधी अति होतो. केन चेंग यांनी १९८६ मध्ये आयताकृती पेटीच्या एका कोपऱ्यात खाणं पुरलं, उंदराला दाखवलं, मग त्याची दिशा चुकवून परत सोडलं. उंदीर बरोबर कोपरा जितक्या वेळा उकरायचा जवळपास तितक्याच वेळा समोरचा, तिरप्या रेषेतला कोपरा उकरायचा. आकाराच्या दृष्टीने ते दोन कोपरे सारखेच, लांब भिंत एका हाताला आणि आखूड दुसऱ्या. कोपऱ्यांत वेगळे वास आणि वेगळी चित्रं होती. डोळ्यांना आणि नाकाला फरक कळत असूनही भिंतींचं म्हणणं वरचढ ठरत होतं.

आता ते 'झर्र' पुन्हा. उंदीर धावताना हिप्पोकॅम्पसमध्ये थीटा नावाची संथ लय असते, सेकंदाला आठेक वेळा. थांबला, खायला बसला किंवा झोपला की थीटा जाते आणि रिपल येऊ लागतात. मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी १९९४ मध्ये दाखवलं की, दिवसा ज्या पेशी एकत्र बोलल्या त्या नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र बोलतात. पुढे कळलं की रिपलमध्ये वाटेचा अख्खा क्रम येतो, काही सेकंदांची धाव सेकंदाच्या दहाव्या हिश्शात कोंबलेली. २००६ मध्ये आणखी पुढची गोष्ट. धाव संपवून उंदीर टोकाला थांबतो तेव्हा जागेपणीच तो क्रम उलटा वाजतो, शेवटून सुरुवातीकडे. आणि २०१३ मध्ये ब्रॅड फायफर आणि डेव्हिड फॉस्टर यांनी दाखवलं की निघायच्या आधी, अजून न चाललेल्या पुढच्या वाटेचा क्रमही येतो आणि तो बऱ्याचदा ध्येयाकडे नेणारा असतो. मी प्रयोगशाळेत तासन् तास ती झरझर ऐकली, टोक योग्य जागी असल्याची खूण एवढंच महत्त्व देऊन.

इतकं सगळं ऐकल्यावर वाटेल की प्राणी सतत डोक्यातल्या या हिशेबावरच चालतो. चालत नाही. मेंदूत याला समांतर दुसरी सोय आहे आणि ती स्वस्त आहे. मार्क पॅकार्ड आणि जेम्स मॅकगॉ यांचा १९९६ चा प्रयोग बघा. अधिकच्या चिन्हासारखा चार फाट्यांचा मार्ग. उंदीर रोज दक्षिणेकडून निघतो, चौकात डावीकडे वळतो, पश्चिमेच्या टोकाला खाणं मिळतं. आता तो 'पश्चिमेकडे जायचं' हे शिकला की 'डावीकडे वळायचं' हे? ते कळावं म्हणून आठव्या दिवशी त्याला उत्तरेकडून सोडलं. बहुतेक उंदीर उजवीकडे वळून पश्चिमेलाच गेले, म्हणजे जागा शिकले होते. सराव चालू ठेवून सोळाव्या दिवशी पुन्हा उत्तरेकडून सोडलं, तर आता ते डावीकडे वळले आणि रिकाम्या पूर्व टोकाला जाऊन पोचले. जागेचं ज्ञान जाऊन वळणाची सवय आली, असं वाटतं ना? म्हणून त्यांनी सोळाव्या दिवशी काही उंदरांच्या कॉडेट या भागात भूल देणारं लिडोकेन सोडलं. सवयीचं काम तिथलं. ते बधिर झाल्याबरोबर उंदीर परत पश्चिमेकडे गेले. जागा त्यांना ठाऊकच होती. नुसतं तिला विचारायचं बंद झालं होतं.

माणसांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये लंडनच्या १६ टॅक्सीचालकांचे मेंदू तपासले. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा होता. मुळात मोठा असणारेच टॅक्सीकडे वळत असतील, ही शंका रास्त होती, म्हणून २०११ मध्ये टॅक्सीच्या परवान्याच्या परीक्षेआधीचे आणि नंतरचे मेंदू पाहिले. सुमारे पंचवीस हजार रस्ते पाठ करून उत्तीर्ण झालेल्यांमध्येच वाढ दिसली, नापास झालेल्यांमध्ये नाही. वेगळ्या एका अभ्यासात, ठरलेल्या मार्गावर तितकीच गाडी हाकणाऱ्या बसचालकांचा मागचा भाग टॅक्सीचालकांइतका मोठा नव्हता. फारसं सांगितलं जात नाही ते असं की, याच टॅक्सीचालकांच्या हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग लहान निघाला आणि गुंतागुंतीची आकृती नंतर आठवून काढण्यात ते मागे पडले. फुकट काही मिळत नाही.

हे सगळं माझ्या तोंडून ऐकून झाल्यावर माझ्या भाचीने सरळ विचारलं, "मावशी, मग फोनवरचा नकाशा वापरायचा नाही का?"

मी तिला २०१७ चा एक अभ्यास सांगितला. ह्यूगो स्पायर्स यांच्या गटाने २४ जणांना लंडनच्या सोहो भागातले रस्ते शिकवले आणि मग स्कॅनरमध्ये पडल्या पडल्या त्याच रस्त्यांचं चित्रीकरण दाखवत वाट काढायला लावली. स्वतः वाट काढताना नवीन रस्ता लागला की हिप्पोकॅम्पसची हालचाल वाढायची, आणि फाटे जास्त तर वाढही जास्त. 'डावीकडे वळा, उजवीकडे वळा' अशा सूचना मिळत असताना यातलं काही दिसलं नाही. यावरून फोनने मेंदू झिजतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस, म्हटलं. इतकंच कळतं की सूचना ऐकताना ते काम होत नाही. घाईत असशील तर खुशाल ऐक. एरवी निघण्याआधी अख्खी वाट एकदा बघ, मग आवाज बंद कर आणि उत्तर दिशा वर ठेव.

"उत्तर वर ठेवलं की मला डावं-उजवं कळत नाही," ती म्हणाली. खरं आहे, ते कठीणच आहे. कागदावरची दिशा आणि आपल्या तोंडाची दिशा यांचा मेळ घालायचा असतो. या मेळात रेट्रोस्प्लेनियल कॉर्टेक्स या भागाचा मोठा वाटा असतो. तिथे इजा झालेले काही रुग्ण ओळखीची इमारत ओळखतात, पण तिथून घर कुठल्या बाजूला हे त्यांना सांगता येत नाही. तुझा तो भाग शाबूत आहे, त्याला थोडं राबव, असं मी म्हटलं. आवाज तिने बंद केलाय. उत्तर वर ठेवायला मात्र ती अजून तयार नाही.